वेटिंग ४३, आणि फी भरायला शुक्रवारपर्यंत मुदत

वाचकाचं पत्र

मॅडम, नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या पुढच्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले आणि पीयूसी सायन्स, म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी, बेळगावात आत्याकडे राहून केलं. सेकंड पीयूला ८८ टक्के पडले. गणितात कमी पडले होते म्हणून एक्झाम-टू दिली, त्यात ८१ चे ९२ झाले. मला संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचं आहे. पुण्यातल्या एका कॉलेजात अर्ज केला होता. यादीत नाव लागलं नाही, वेटिंगला ४३ नंबर आहे. बेळगावात बी.एस्सी.ला सीट मिळाली आहे, पण फी शुक्रवारपर्यंत भरायची आहे. पप्पा म्हणतात, एकदा इथं फी भरली की पुण्याचं डोक्यातून काढ, दोन्हीकडं पैसे घालायला आपली काजूची बाग एकच आहे. दादा म्हणतो, त्याच्या ओळखीचा एक माणूस पुण्यात काम करून देतो. मैत्रीण म्हणते, एक वर्ष थांब. मला रात्री झोप लागत नाही. वेटिंगला लागले म्हणजे मी कमी पडले असंच ना? इथं फी भरली तर ओरिजिनल अडकतील का? सीमाभागातल्या मुलांना महाराष्ट्रात सवलत असते म्हणतात, ती मला मिळेल का? पुण्यात गेले की सगळं मराठीत असेल, असं लहानपणापासून वाटायचं.

उत्तर

बाळ, आज सोमवार आहे आणि तुझ्या हातात चार दिवस आहेत, म्हणून आधी कामाचं सांगते, बाकीचं मग. बेळगावच्या कॉलेजची फी शुक्रवारच्या आत भर. पुण्याच्या वेटिंगमधून नाव काढू नकोस. पप्पांना वाटतंय की यातलं एकच काहीतरी करता येतं. तसं नाही. एकीकडे सीट पक्की करून दुसरीकडची वाट बघणारी मुलं दरवर्षी असतात, आणि त्यात कुणाची फसवणूक नाही. मी अठ्ठावीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या खिडकीमागे बसले. जुलैमध्ये ओल्या छत्र्या भिंतीला टेकवून उभी राहिलेली मुलं, साखरेच्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळून आणलेलं मार्क्स कार्ड, मुलीच्या जरा मागे उभे राहणारे बाप, हे सगळं आतून बघितलंय. हातातली सीट सोडून वाट बघत बसलेलं पोर सप्टेंबरात परत त्याच खिडकीशी यायचं. 'आता जागा नाही' एवढं सांगताना माझी जीभ जड व्हायची. ती वेळ तुझ्यावर यायला नको.

आता तुझ्या पत्रातली एक ओळ. तू ती सहज लिहून गेलीस, मी मात्र तीनदा वाचली. 'एक्झाम-टू दिली, त्यात ८१ चे ९२ झाले.' आणि त्याच्या आधी लिहिलंयस, '८८ टक्के पडले'. म्हणजे ८८ हे पहिल्या परीक्षेचे. पुण्याचा फॉर्म तू कुठल्या मार्कांवर भरलास? माझी अटकळ अशी की फॉर्म आधी भरला, एक्झाम-टूचा निकाल नंतर आला, आणि फॉर्ममध्ये जुनेच मार्क राहिले. तसं असेल तर तुझा ४३ नंबर हा तुझ्या आजच्या मार्कांचा नंबरच नाही.

हिशोब बघ. सहाशेपैकी ५२८ म्हणजे ८८ टक्के. गणिताचे अकरा वाढले की ५३९, म्हणजे नव्वदला अगदी थोडे कमी. कॉलेज फक्त फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे तीनशे धरत असेल तर त्याच अकरा मार्कांनी साडेतीन टक्क्यांहून जास्त फरक पडतो. कट-ऑफच्या आसपास मुलं खेटून उभी असतात, एकेका मार्कावर चार-चार, पाच-पाच नावं. तिथं अकरा मार्क ही लहान गोष्ट नाही.

यात आणखी एक अडचण आहे, ती आपल्याच बाजूच्या मुलांना येते. कर्नाटकात २०२४ पासून सेकंड पीयूला वर्षात एकाहून जास्त परीक्षा होतात आणि ज्या विषयात जिथं जास्त मार्क पडले ते धरले जातात. महाराष्ट्र बोर्डात अशी रीत नाही. तिथं मुख्य परीक्षा झाली की पुढं पुरवणी परीक्षा असते. त्यामुळं पुण्याच्या ऑफिसातल्या माणसानं 'एक्झाम-टू' वाचलं की ती नापास झालेल्यांची परीक्षा वाटू शकते. त्यात त्याची चूक नाही, त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तू सांग. कर्नाटक बोर्डाचं नवीन मार्क्स कार्ड डिजिलॉकरमधून काढ आणि बोर्डाच्या संकेतस्थळावर या परीक्षांबद्दल जी माहिती आहे ती सोबत जोड.

मेल उद्याच गेला पाहिजे. इंग्रजीत लिही, आठ-दहा ओळी पुरेत. विषयाच्या ओळीत अर्जाचा नंबर, कोर्स आणि वेटिंग नंबर. पहिल्या वाक्यात एवढंच की मला अजून या कोर्सला यायचं आहे. दुसऱ्यात, अर्ज भरल्यानंतर माझे गणिताचे मार्क बदलले, नवीन मार्क्स कार्ड सोबत आहे, गुणानुक्रमात ते धरता येतील का. मग तुझे प्रश्न. माझा ४३ नंबर कुठल्या यादीतला, सगळ्यांची एकच यादी आहे की प्रवर्गाप्रमाणे आणि बोर्डाप्रमाणे वेगळ्या? जागा झाली तर कळवणार कसं, फोनवर, मेलवर की संकेतस्थळावर, आणि हजर व्हायला किती वेळ देणार? वेटिंगवरून आलेल्या मुलीला हॉस्टेल मिळतं का? यातला पहिला प्रश्न फार महत्त्वाचा. एकाच यादीतला ४३ वेगळा आणि दुसऱ्या बोर्डांसाठी ठेवलेल्या मोजक्या जागांच्या यादीतला ४३ वेगळा. दुसऱ्या प्रकारचा असेल तर आशा फार धरायची नाही, हे आजच कळलेलं बरं.

मेलमध्ये घरची परिस्थिती, लहानपणापासूनचं स्वप्न, असलं काही लिहू नकोस. तुझं स्वप्न खोटं आहे म्हणून नव्हे. मेरिटवर चालणाऱ्या यादीत विनवणीनं नंबर हलत नाही, मार्क्स कार्डानं हलू शकतो, म्हणून. मुलाखत घेऊन निवड करणारी कॉलेजं असतात, तिथं चार ओळी मनातल्या लिहिल्या तर त्या वाचल्या जातात. तुझ्या कॉलेजनं मुलाखत घेतल्याचं तू लिहिलं नाहीस. मेल एकदाच पाठव. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर सकाळी अकराच्या सुमारास फोन कर आणि कुणाशी काय बोलणं झालं ते तारखेसकट वहीत लिहून ठेव. रोज फोन करणाऱ्या मुलीचं नाव ऑफिसात लक्षात राहतं, पण चांगल्या कारणानं नाही.

वेटिंगची यादी हलते कशी, तेही समजून घे. तू रोज त्या पानाकडे बघत बसलीस म्हणून ती हलणार नाही. तुझ्या वरच्या बेचाळीस जणांपैकी आणि आधीच नाव लागलेल्यांपैकी बऱ्याच मुलांनी दुसरीकडेही अर्ज केलेले असतात. कुणी 'नीट' परीक्षा देऊन मेडिकलच्या राउंडकडे डोळे लावून असतो, कुणी महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडची, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीची, वाट बघत असतो, कुणाला फार्मसी पाहिजे असते, कुणाला ॲग्री. अशा मुलांनी बी.एस्सी.ची फी भरून ठेवलेली असते, अगदी जसं मी तुला बेळगावात करायला सांगतेय. तिकडं एकेक राउंड लागला की ती इथला प्रवेश रद्द करतात आणि खालची नावं वर सरकतात. म्हणजे तुझ्या यादीचं पंचांग त्या राउंडांच्या तारखांत आहे. कॅपचं आणि नीटच्या काउन्सेलिंगचं वेळापत्रक जाहीर झालं की तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिही. राउंडचा निकाल लागल्यावरचे तीन-चार दिवस जागं राहायचं. मधल्या दिवसांत पुस्तक उघडायचं.

आणि आता तुझ्या गावाचा प्रश्न, ज्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. जांबोटीच्या पुढं पावसाळ्यात वीज जाते ती दोन-दोन दिवस येत नाही आणि फोनला रेंज मिळायची तर कुठल्यातरी टेकाडावर जावं लागतं. कॉलेजचा फोन येतो तो भर दुपारी, अनोळखी लँडलाइनवरून, आणि बरेचदा एकदाच. उचलला नाही तर पुढच्या नावाला लावतात. मी स्वतः असे फोन लावलेत. 'आपण संपर्क साधत असलेली व्यक्ती कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे' हे वाक्य दोनदा ऐकलं की वहीत त्या नावापुढं टिंब द्यायचं आणि खालच्या नावाकडे वळायचं. एवढी मुलं उभी असताना दुसरं काही करता येत नसे. एकदा असंच टिंब दिलेली मुलगी चौथ्या दिवशी आली. तिच्या हातात नंबर लिहिलेली चिठ्ठी होती आणि पायाला गुडघ्यापर्यंत चिखल होता. ती मला अजून आठवते. म्हणून सांगते, कॉलेजकडं तुझा एकच नंबर राहता कामा नये. आत्याचा नंबर पर्यायी म्हणून त्याच मेलमध्ये दे. तुझा मेल आत्याच्या फोनवर उघडून ठेव आणि तिला सांग की स्पॅमचा कप्पासुद्धा रोज बघायचा. राउंडच्या त्या दिवसांत तू गावी नको, बेळगावातच राहा. बेळगावच्या कॉलेजात प्रवेश घेतलास तर तू तिथं असशीलच, हाही फी भरण्याचा एक फायदा.

फीबद्दल पप्पांची भीती खरी आहे, तिला वेडंवाकडं उत्तर देऊन चालणार नाही. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिसूचना काढली. जाहीर केलेल्या प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा किंवा जास्त दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, त्यातून प्रक्रियेपोटी जास्तीत जास्त ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांच्या वर नाही. पुढं दिवस जातील तसं ९०, ८०, ५० टक्के, आणि शेवटच्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की काही नाही. २०२४-२५ साठी तर यूजीसीनं ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत हजार रुपयांहून जास्त कापायचे नाहीत असं सांगितलं होतं. यंदाचं परिपत्रक संकेतस्थळावरून काढ, त्याची झेरॉक्स पप्पांना दे आणि एक फाइलमध्ये ठेव. फी भरताना पावतीवर कशाचे किती ते लिहून घे. ट्यूशन फी वेगळी, डिपॉझिट वेगळं. रद्द करायची वेळ आली तर अर्ज लेखी द्यायचा आणि आपल्या प्रतीवर 'पोचलं' म्हणून सही-शिक्का आणि तारीख घ्यायची. त्या तारखेवरच किती परत मिळणार ते ठरतं.

ओरिजिनलचंही त्याच अधिसूचनेत आहे. कॉलेजनं मूळ कागद बघायचे, पडताळायचे आणि परत द्यायचे. ठेवून घ्यायच्या त्या स्वतः सही केलेल्या झेरॉक्स. तरी माझ्या भाच्याचं मार्क्स कार्ड एका कॉलेजनं दीड महिना अडकवून ठेवलं होतं. 'साहेब नाहीत' एवढंच उत्तर मिळायचं. आम्ही अधिसूचनेची प्रत जोडून लेखी अर्ज दिला तेव्हा तिसऱ्या दिवशी ते मिळालं. कुणी मार्क्स कार्ड ठेवून घ्यायला लागलं तर आवाज चढवू नकोस, कागद पुढं कर. टीसीचं मात्र व्यवहारात निराळं असतं. टीसी प्रवेशाबरोबर कॉलेजच्या फाइलला लागतो आणि जाताना परत मागून घ्यावा लागतो. द्यायच्या आधी त्याच्या चार स्वच्छ झेरॉक्स आणि एक स्कॅन काढून ठेव.

पुण्याला जायची वेळ आली तर कर्नाटक बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल, पुणे विद्यापीठाच्या पात्रतेसाठी ते मागतात. तुझं नाव आलं की मग धावाधाव करण्यापेक्षा अर्ज आत्ताच कर. नाडकचेरीचा, म्हणजे आपल्याकडच्या महसूल कार्यालयाचा, उत्पन्नाचा दाखला कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर नोटरी करून ठेव. आणि एक बघ, मार्क्स कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर एक आहे का. आपल्याकडं आडनावाचं स्पेलिंग कन्नडवरून इंग्रजीत येताना बदलतं, कुठं वडिलांचं नाव असतं, कुठं नुसतं आद्याक्षर. महाराष्ट्राच्या फॉर्मला आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम हवा असतो. फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेव. बेळगावच्या कॉलेजनं विद्यापीठाकडे तुझी नोंदणी पाठवायच्या आत निघालीस तर सोपं जातं. नोंदणी झाली की त्या विद्यापीठाचंही मायग्रेशन मागतात आणि दिवस जातात.

दादाच्या ओळखीच्या माणसाला एक रुपयासुद्धा द्यायचा नाही. यावर मी जास्त लिहिणार नाही. मेरिट यादीत मधूनच नाव घालून देणारा माणूस नसतो, असतो तो तुमच्या काळजीवर पैसे कमावणारा. प्रवेशासाठी फीच्या वर पैसे घेणं कर्नाटकात १९८४ च्या कायद्यानं आणि महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि तो पावती देणार नाही, म्हणजे पैसे गेले की दाद मागायलाही जागा नाही. दादाला तुझी काळजी आहे म्हणून तो धडपडतोय. त्याला दुसरं काम दे. नाव आलंच तर पुण्याला तुझ्याबरोबर येण्यासाठी मोकळा राहा म्हणावं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालात तर सकाळी कॉलेजच्या दारात.

सीमाभागाच्या सवलतीबद्दल आपल्याकडं अर्धवट ऐकून बऱ्याच जणांची निराशा होते, म्हणून नीट सांगते. महाराष्ट्रात प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलकडून इंजिनिअरिंगसारख्या कोर्सांचे जे प्रवेश होतात, त्यात उमेदवारीचा 'टाइप ई' असा एक प्रकार आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेली आणि मातृभाषा मराठी असलेली मुलं त्यात बसतात. त्यासाठी दोन प्रमाणपत्रं लागतात, एक सीमाभागातले असल्याचं आणि एक मातृभाषा मराठी असल्याचं. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आपलं गाव आहे का हे बघूनच पुढं जायचं. पण ही वाट सीईटीची. तू एमएचटी-सीईटी दिल्याचं लिहिलं नाहीस, आणि बी.एस्सी.चा प्रवेश कॉलेज स्वतःच्या यादीनं देतं, त्याला हा नियम आपोआप लागत नाही. तरी मेलमध्ये एक प्रश्न वाढव, सीमाभागातल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी तुमच्याकडं काही तरतूद आहे का. असेल तर ते सांगतील, आणि विचारल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. तुझ्या मागं धाकटी भावंडं असतील आणि त्यांना इंजिनिअरिंगला जायचं असेल तर 'टाइप ई' हे शब्द घरात आत्तापासून माहीत असू देत.

एक वर्ष थांबायचं का? यासाठी नको. पुढच्या वर्षी पुन्हा तीच यादी, तसेच मार्क, आणि मध्ये एक रिकामं वर्ष, ज्यात घरात लग्नाची बोलणी सुरू व्हायला वेळ लागत नाही. हे मी खिडकीतून फार वेळा बघितलंय. एखादी परीक्षा पुन्हा द्यायची असेल आणि तिच्यासाठी वर्षभर बसायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. तुझं तसं नाही.

आता तुझा खरा प्रश्न, तू मध्येच एका ओळीत विचारलेला. वेटिंगला लागले म्हणजे मी कमी पडले का? नाही, बाळ. वेटिंगवर नाव येतं ते त्या मुलाला घ्यायला कॉलेजची ना नसते म्हणूनच. जागा मोजक्या असतात, खुर्च्या संपल्या की उरलेल्यांना थांबा म्हणतात. ज्यांना घ्यायचंच नसतं त्यांची नावं या कागदावर येत नाहीत. जांबोटीच्या पुढच्या खेड्यात मराठी शाळेत शिकून, अकरावीला एकदम इंग्रजीत फिजिक्स समोर आल्यावर, दुसऱ्याच्या घरी राहून ८८ टक्के, आणि तेवढ्यावर न थांबता पुन्हा परीक्षा देऊन ९२. या मुलीला मी कमी पडलेली म्हणणार नाही आणि तूही म्हणू नकोस.

पुण्यात गेलं की सगळं मराठीत असेल, असं तू लिहिलंस. ते वाचून मला गलबलून आलं. १९५६ मध्ये बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून इथल्या प्रत्येक घरात ही ओढ आहे, माझ्याही घरात होती. बसची पाटी, दुकानाचा बोर्ड, ऑफिसातली विचारपूस आपल्या भाषेत असावी असं वाटणं यात काही गैर नाही. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे आणि आपली मुलं मोठी होतायत. पण प्रवेश घेताना एवढं बघ की पुण्यातलं बी.एस्सी.सुद्धा इंग्रजीतच शिकवतात. वर्गाबाहेर मराठी कानावर पडेल, ते सुख खरं आहे, पण त्यासाठी हातातली सीट सोडावी एवढं ते मोठं नाही. बेळगावातही पदवीला भाषा विषय मराठी घेता येतो, तो देणारं कॉलेज बघून घ्यायचं. मराठी लिहिती ठेव, कन्नडही नीट शिकून घे. दोन्ही भाषांत हिशोब समजावून सांगू शकणाऱ्या मुलीला या भागात कधी कामाची वाण पडणार नाही.

आणि बेळगावातून संख्याशास्त्राची वाट बंद होत नाही. कर्नाटकात २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली आहे. गणित मुख्य विषय असू दे, आणि संख्याशास्त्र विषयांच्या गटात बसतंय का ते फी भरायच्या आधी ऑफिसात विचार. खिडकीवरच्या माणसाला नव्हे, गणित विभागाच्या सरांना किंवा मॅडमना विचार. नसेल बसत तर स्वयम् या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर संख्याशास्त्राचे कोर्स फुकट शिकता येतात. तीन वर्षांनी एम.एस्सी. आहेच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे, बेळगावहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. पुणे विद्यापीठाचा विभाग १९५३ मध्ये सुरू झाला, आणि तो उभा केला वसंत शंकर हुजूरबाजार यांनी. त्यांचा जन्म कोल्हापूरचा. आयआयटीच्या एम.एस्सी.साठी 'जॅम' परीक्षा असते, तिच्यात गणितीय संख्याशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या एम.स्टॅट.ची प्रवेश परीक्षा असते. ती अवघड आहे, पण गणित पक्कं असलेल्या बी.एस्सी.च्या मुलांना ती देता येते. या परीक्षा तुझं कॉलेज कुठल्या गावात होतं ते विचारत नाहीत. पहिल्या सेमिस्टरपासून मनापासून अभ्यास कर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत 'मी तर पुण्याला जाणारे' म्हणत मागच्या बाकावर बसलेली आणि पहिल्या परीक्षेत आपटलेली मुलं मी पाहिलीत.

किती दिवस वाट बघायची ते आजच ठरवून टाक, पप्पांसमोर. माझं म्हणणं, गणपती बसायच्या आत. तोपर्यंत पुण्याहून बोलावणं आलं, हॉस्टेल मिळत असेल आणि फीचा मेळ बसत असेल तर जा, मी तुला अडवणार नाही. हॉस्टेल नसेल तर कॉट बेसिसवर राहण्याचं भाडं, मेस आणि येणं-जाणं धरून वर्षाचा हिशोब एका कागदावर मांड आणि मगच हो म्हण. गणपतीनंतर आलेलं बोलावणं नाकारायचं, कारण तोवर तिथला अभ्यास बराच पुढं गेलेला असेल आणि इथल्या फीतलंही कदाचित कमी परत मिळेल. त्या दिवशी कॉलेजला दोन ओळींचा मेल पाठवून नाव काढून घे. तुझ्याखाली चव्वेचाळिसाव्या नंबरावरही कुणाचीतरी मुलगी जागीच असेल.

पप्पांना हे सगळं वाचून दाखव. त्यांना सांग की दोन्हीकडं फी एकाच वेळी भरायची नाही. पुण्याला एक पैसाही बोलावणं आल्याशिवाय जाणार नाही, आणि आलं तर इथला परतावा किती ते यूजीसीच्या कागदावर लिहिलेलं आहे. बागेच्या जिवावर पोरं शिकवणाऱ्या माणसाला आकडे समोर ठेवले की बरं वाटतं, नुसतं 'होईल काहीतरी' म्हटलेलं आवडत नाही.

शुक्रवारवर काही ठेवू नकोस. ओढ्याला पाणी आलं की जांबोटीची बस थांबते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. उद्या पहिल्या बसनं बेळगावला ये, शक्ती योजनेत तुला तिकिटाचे पैसे पडत नाहीत, आधार तेवढं हातात ठेव. कागद दोन पिशव्यांत घाल, एकीत ओरिजिनल, एकीत झेरॉक्स. आत्याकडं पोचलीस की आधी कागद पंख्याखाली ठेव, दमट झालेले असतील. संध्याकाळी मेल पाठव, बुधवारी सकाळी फी भर, आणि पावतीचा फोटो पप्पांना पाठव. रेंजमध्ये आले की ते बघतील.